टिंबूकडे आलेलं फोफावणे

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सकाळी शब्दांचा वर्ग भरायचा. शिकवणारे सर शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण मुलांपासून निवृत्त व्हायचं त्यांना काही जमलं नव्हतं. मुलं घाईघाईने उत्तरं ओरडू लागली की ते एक हात वर करून म्हणायचे, "थांबा." मग स्वतःही थांबायचे. इतके, की पोरांना वाटायचं, आता काहीतरी बोलावंच लागणार. मुलांनी त्यांचं नाव थांबासर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

या वर्गाची एक रीत होती. सरांकडे बिस्किटांचा रिकामा डबा होता, त्यात चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. जो शब्द निघेल तो घरी न्यायचा आणि एखादं मांजराचं पिल्लू आणल्यासारखा आठवडाभर सांभाळायचा. स्वयंपाकघरात न्यायचा, रस्त्यावर न्यायचा, दुकानात न्यायचा. कुठे तो मजेत बसतो आणि कुठून अंग चोरून पळतो, ते बघायचं. आणि शनिवारी सगळ्यांना एक खरी गोष्ट दाखवायची, त्या शब्दाला अगदी शोभेल अशी. पुस्तकातलं वाक्य चालत नसे. वर्गातल्या सगळ्यांनी "हो" म्हटलं की शब्द सुटला, नवी चिठ्ठी उचलायची. पण एकाने जरी "नाही" म्हटलं आणि का नाही ते पटवून दिलं, तर तोच शब्द परत तुमच्या गळ्यात.

बहुतेक शब्द पहिल्याच शनिवारी सुटायचे. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे पेन्सिल म्हणत, तिला "डुगडुगणे" मिळालं होतं. ती नुसती वर्गातल्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. बाक डुगडुगला, सगळे हो म्हणाले, काम झालं.

टिंबूला मिळालं "फोफावणे".

टिंबू म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. वयाने नाही, मापाने. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली. मागून वकील म्हणाला, "अरे वा! फोफावणे कुणाला मिळालं बघा!" आणि खोलीत हशा पिकला. वकील म्हणजे एक मुलगाच, पण त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"थांबा," सर म्हणाले. हसू थांबलं. पण एकदा सुटलेलं हसू परत डब्यात घालता येत नाही.

पुढच्या शनिवारी टिंबू कोपऱ्यावरच्या बेकरीतून पिठाचा गोळा घेऊन आली. भांड्यात ठेवला होता तेव्हा मुठीएवढा होता, आता भांड्याबाहेर डोकावत होता.

"फोफावला," टिंबू म्हणाली.

"फुगला," वकील म्हणाला. "फुगलेल्याच्या पोटात नुसती हवा असते. टाचणी मार, बघ."

टाचणी मारायची गरज पडली नाही. पेन्सिलने बोट लावलं आणि गोळा उसासा टाकून खाली बसला.

त्याच्या पुढच्या वेळी तिने दुधाचं सांगून पाहिलं. ते उतू गेलं ठरलं. मग भाज्यांचे भाव आणले. ते भडकले ठरले. मग शेजारच्या घरातून कानावर आलेली एक बातमी आणली, की थांबासर लग्न करणार आहेत. ती दोन दिवसांत अख्ख्या गल्लीभर झाली होती. वर्ग यावर हो म्हणायच्या अगदी बेतात होता, पण सरांनीच हात वर केला. "अफवा पसरते. फोफावूही शकते, मी नाही म्हणत नाही. पण ही अफवा माझी आहे, आणि माझा शेजार मला झोपू देत नाहीये, तर आपण दुसरं काहीतरी बघू या."

एव्हाना बाकीच्यांचे चार-चार, पाच-पाच शब्द सुटले होते. टिंबूकडे अजून पहिलाच. आणि व्हायचं तेच झालं. ती दारातून आत आली की कोणीतरी म्हणायचं, "आलं, आलं, फोफावणे आलं!" शाळेच्या मैदानातही. एकदा तर पोहण्याच्या तलावावर, तिने कधी नाव न ऐकलेल्या एका मुलाने तिला तशी हाक मारली. वर्गात सगळ्यांत ठेंगणी, आणि नाव फोफावणे. टिंबू हसून घ्यायची. घरी गेल्यावर मात्र दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि हात डोक्यावर सपाट ठेवून बघायची. चौकट काही खाली सरकत नव्हती.

"आई, मला हा शब्द सोडवायचाच आहे," ती म्हणाली. "कसंही करून."

आई शाळेची बस चालवायची. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून तिला घरी कमी बोलायची सवय लागली होती. ती म्हणाली, "आपल्या घरात फोफावणार काय, बाई? तुझे बाबा काही टिकू देतात का?"

यात खोटं काही नव्हतं. टिंबूचे बाबा न्हावी होते. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, भिंतीवर कोणाचेच नसतील अशा सुंदर केसांचा एक फोटो. हात इतका सफाईदार, की लोक खुर्चीत झोपून जात. पण त्यांना एक खोड होती. डोळ्यांना काहीही वर आलेलं, बाहेर आलेलं, लोंबणारं दिसलं, की हात आपोआप कात्रीकडे जायचा. टॉवेलचा दोरा. पायपुसण्याची दशी. खिडकीतल्या कुंडीतलं जरा पुढे आलेलं पान. दात घासायच्या ब्रशचे केससुद्धा त्यांनी एकदा सारखे करून दिले होते. घरातल्या पडद्यांना झालर होती. आता ती आई फक्त आठवायची.

टिंबूने मग एक बेत केला. गल्लीत एक रंगारी काका होते. ते मोठं काम घेऊन कुठेसे गेले होते आणि परत आले ते दाढीत बुडूनच. गालांवर, गळ्यावर, कानांच्या खाली, जिकडे जागा मिळेल तिकडे दाढी. टिंबूला तर रस्त्यातच नाचावंसं वाटलं.

"काका, शनिवारपर्यंत दाढी ठेवाल? प्लीज! माझ्या वर्गात दाखवायचीय."

"अगं ठेवतो की. एवढी ठेवली, आणखी दोन दिवस काय जड आहेत?"

शुक्रवारी संध्याकाळी रंगारी काका सलूनवरून चालले होते. टिंबूच्या बाबांनी त्यांना काचेतून पाहिलं. पुढे जे झालं ते रंगारी काकांनी दुसऱ्या दिवशी गुळगुळीत गालांवरून हात फिरवत टिंबूला सांगितलं: "मी नको-नको म्हणत होतो गं. पण तुझ्या बाबांनी हाताला धरून खुर्चीत बसवलं. म्हणाले, पैसे नकोत, पण हे मला बघवत नाही."

"बाबा!" टिंबू ओरडली.

"मला काय माहीत, ती तुझी दाढी होती?" बाबा म्हणाले.

त्या शनिवारी ती वर्गाला गेलीच नाही. सलूनच्या बाहेर पायरीवर बसून राहिली. सलूनच्या बाजूच्या भिंतीलगत मातीची एक अरुंद पट्टी होती. बाबा झाडलोट करून केसांचा ढीग आणि खुर्च्या धुतलेलं पाणी तिथेच टाकायचे. काळे, पांढरे, रंगवलेले, वर्षानुवर्षांचे केस तिथल्या मातीत मिसळून गेले होते. आणि त्या मातीतून, टिंबूला दिसलं, एक कोंब वर आला होता. दोन जाड, गोल पानं, मधून एक लव असलेलं तिसरं. कोणीतरी भोपळ्याची बी टाकली असणार.

टिंबूने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सलूनच्या मागे पडलेली मोडकी खुर्ची ओढत आणली आणि कोंबापुढे आडवी टाकली. खुर्चीवर एक फाटका टॉवेल टाकला. दोरे कापून टाकलेला टॉवेल होता तो, त्यामुळे बाबांचं लक्ष जाण्याची भीती नव्हती.

वेल चांगली निघाली. टिंबूने एक सुतळी बांधली, खाली खुंटीला आणि वर दुकानाच्या बोर्डाच्या लोखंडी पट्टीला. वेल सुतळी धरून सरळ वर निघाली. रोज शाळेतून आल्यावर टिंबू टॉवेल उचलून बघायची आणि लगेच खाली टाकायची. वेल टॉवेलच्या वर गेली तेव्हा तिने आणखी एक टॉवेल आणला. तो बाबांचा नवा होता.

वेल बोर्डाच्या पट्टीला पोचली त्या शनिवारी टिंबूने अख्खा वर्ग सलूनपाशी नेला. एवढी पोरं आणि थांबासर भिंतीशी येऊन उभी राहिलेली बघून बाबाही हातात कंगवा घेऊन बाहेर आले. टिंबूने दोन्ही टॉवेल ओढून काढले, एखाद्या पुतळ्याचं अनावरण करावं तसे.

"फोफावली," ती म्हणाली.

सगळ्यांनी खालून वर पाहिलं. एक लांबलचक देठ, मध्येमध्ये एकेक पान, वर टोकाला एक हिरवा आकडा, वाऱ्यावर हलणारा.

"उंच झाली," पेन्सिल म्हणाली. तिला उंचीतलं कळत होतं. "माझ्यासारखी. मला घरी सगळे उंच झाली म्हणतात. फोफावली नाही म्हणत."

"खूप भराभर झाली!" टिंबू म्हणाली. "परवा ती खिडकीपाशी होती."

"भराभर, हे मान्य," वकील म्हणाला. "पण..." आणि तो अडकला. त्याला नाही म्हणायचं होतं, कारण सापडत नव्हतं. असं क्वचित व्हायचं.

"थांबा," सर म्हणाले. ते वेलीजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला एक सांगा. हिचं टोक कुठे आहे?"

सगळ्यांनी एकदम बोट केलं. सगळी बोटं एकाच जागी.

"बरं. आता नदीकाठची झुडपं आठवा. शाळेच्या मागे पावसानंतर गवत माजतं ते आठवा. त्याचं टोक दाखवा बघू."

पोरांनी डोळे मिटले. कोणाचं बोट इकडे गेलं, कोणाचं तिकडे. पेन्सिलने दोन्ही हात पसरले. एकाने गोल फिरून दाखवलं.

टिंबूने डोळे मिटले नव्हते. तिला कळलं होतं. "म्हणजे ही नाही," ती म्हणाली.

"ही अजून नाही," सर म्हणाले. "छान आहे, ठणठणीत आहे. वाढलीय. पण फोफावायचं म्हटलं तर एका दिशेने जाऊन भागत नाही, बाळ."

मुलं गेली. कोणीतरी जाता जाता "येतो गं, फोफावणे!" म्हणालंच. टिंबू पायरीवर बसली. बाबा तिच्याशेजारी येऊन बसले. त्यांना आत्ताच सगळं समजलं होतं: चिठ्ठी, दाढी, टॉवेल.

"एवढं सगळं चाललं होतं, आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर ती राहिली असती का?"

बाबांनी गळ्याला हात लावला. "शपथ. हिला मी हात लावणार नाही."

"कात्री?"

"कात्री तर नाहीच नाही."

ही शपथ त्यांनी अगदी मनापासून घेतली होती, हे इथे सांगून ठेवायला हवं. कारण तीन-चार दिवसांनी दुपारी ते सलूनबाहेर उभे राहून शेजारच्या चष्मेवाल्याशी गप्पा मारत होते. हातात कात्री होती. गप्पा मारताना न्हाव्याची कात्री हवेत चालतेच, कच्-कच्, कच्-कच्; जिभेसारखी तिलाही स्वस्थ बसवत नाही. विषय होता, केस कापल्याने दाट होतात की नाही.

"काही दाट होत नाहीत हो," बाबा सांगत होते. "लोकांचा गैरसमज आहे. कापून दाट होत असते, तर माझ्या दुकानातून एकही टकला बाहेर..." कच्. "...पडला नसता."

वाऱ्याने वेलीचा शेंडा सुतळीवरून सुटून त्यांच्या कानाशी आला होता. लोंबत होता. बाबांचं लक्ष चष्मेवाल्याकडे होतं. हाताचं लक्ष मात्र कामावर होतं.

टिंबू शाळेतून आली तेव्हा शेंडा पायरीवर पडलेला होता. तिने तो उचलून तळहातावर घेतला. बाबांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि मग कात्री अशी टेबलावर ठेवली, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी.

"टिंबू, अगं..."

रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती घरी निघून गेली.

बाबांनी त्यांना जे येत होतं ते सगळं केलं. कापलेल्या देठावर तुरटी फिरवली, गालावर वस्तरा लागला की फिरवतात तशी. वर चिकटपट्टी लावली. फवाऱ्याने पाणी मारलं. दोन गिऱ्हाइकं खुर्चीत कापडाखाली वाट बघत बसली होती आणि बाबा स्टुलावर चढून भोपळ्याच्या वेलीला मलमपट्टी करत होते.

घरी अबोला सुरू झाला. टिंबू बाबांशी फक्त आईमार्फत बोलायची.

"आई, बाबांना सांग, मीठ इकडे द्या."

"अहो, मीठ द्या."

"तिला विचार, अजून किती दिवस असं चालणार?"

"मी दिवसभर बस चालवते," आई म्हणाली. "घरी आल्यावर तुमचीही वाहतूक मी चालवणार नाही. आपापलं बोला."

टिंबूचे केस कपाळावर आले होते. ते तिने बाबांना कापू दिले नाहीत. जेवताना ती मान हलवून केस मागे टाकायची, आणि बाबांचा हात टेबलाखाली दुसऱ्या हाताने धरून ठेवलेला असायचा.

मग एक दिवस बाबांना पाणी घालताना दिसलं, की खालच्या एका पानाच्या बगलेत काहीतरी टोचल्यासारखं वर आलंय. त्याच्या वरच्या पानाच्या बगलेतही. त्याच्याही वरच्या. शेंडा गेला तसे सगळ्या वेलीचे बंद डोळे एकदम उघडले होते. बाबांनी दुकानाला कुलूप लावलं आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

टिंबू बाहेर आली. आई जवळपास नव्हती, त्यामुळे तिला स्वतःच बोलावं लागलं. "काय झालं?"

"चल," बाबा म्हणाले. "आणि मला ओरडायचं असेल तर बघून झाल्यावर ओरड."

थांबासरांनाही बोलावलं गेलं. सर भिंतीशी वाकून बघत म्हणाले, "शेंडा असतो तोवर तोच सगळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की बाजूचे फुटवे म्हणतात, आता आमची पाळी."

"म्हणजे कापल्याने दाट होतात?" चष्मेवाला दुकानातून ओरडला.

"वेली!" बाबा ओरडले. "वेली होतात! केस नाही!"

यानंतर जे झालं त्याला बिचाऱ्या वेलीचाही इलाज नव्हता. खाली कित्येक वर्षांचे केस, रोजचं साबणाचं पाणी, वर दिवसभर ऊन. एक फांदी सुतळीवर गेली, दुसरीने पाण्याचा नळ गाठला, तिसरी खिडकीच्या गजांतून आत येऊन आरशात स्वतःकडे बघू लागली. पानं आधी तळहाताएवढी झाली, मग ताटाएवढी. पिवळी फुलं आली आणि त्यांच्यामागून भुंगे. मोडकी खुर्ची दिसेनाशी झाली. आणि मग एक दिवस दुकानाचा बोर्डही दिसेनासा झाला.

आता बाबांची पंचाईत झाली. नेहमीची माणसं यायची, पण नवी यायची बंद झाली. एक पाहुणा माणूस कोपऱ्यावर तीनदा घुटमळला आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या सलूनात जाऊन बसला. बाबा काचेतून बघत होते. त्या माणसाचे केस काही वाईट कापले नव्हते तिकडे, आणि याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"टिंबू, फक्त बोर्डापुरती," त्यांनी विचारलं. आता दोघं परत बोलत होती.

"शनिवारपर्यंत नाही. शनिवारी वर्ग येणारेय."

"बरं."

"शपथ नका घेऊ," टिंबू म्हणाली. "कात्री आईकडे द्या."

ते तीन दिवस बाबा बाहेर उभे राहून गप्पा मारत तेव्हा हात खिशात असायचे. काम असलं की आईच्या बसजवळ जाऊन कात्री मागून आणायची आणि परत नेऊन द्यायची. बसमधल्या पोरांना हा प्रकार फार आवडला होता.

शनिवार उजाडला. वर्ग आला. पोरं रस्त्यात उभी राहिली आणि माना वर करून इकडून तिकडे बघू लागली. टोक दाखवा म्हणायची सरांवर वेळच आली नाही.

टिंबू पुढे झाली. "फोफावली," ती म्हणाली. एवढ्या वेळा म्हणून झालेला तो शब्द, पण या वेळी तो तोंडातून सहज निघाला.

"हो," पेन्सिल म्हणाली. "हो, हो," आणखी दोघं-तिघं म्हणाली.

"नाही," वकील म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"ही वेल माझी आहे," तो म्हणाला. "म्हणजे माझ्या शब्दाची. माझ्याकडे गेल्या शनिवारपासून 'बोकाळणे' आहे." त्याने खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. "भराभर वाढलं, चहूकडे पसरलं, सगळं कबूल. पण बघा ना. बोर्ड झाकला. नळ गुंडाळला. खिडकीतून आत शिरली. उंदीर बोकाळतात, डास बोकाळतात, तशी ही बोकाळलीय. सर, तुम्हीच सांगा."

थांबासरांचे डोळे चमकत होते. एकाच वेलीवर दोन शब्द येऊन बसलेत, असा योग त्यांच्याही वाट्याला फारसा आला नसावा. पण ते म्हणाले, "मी नाही सांगणार. दोन्ही शब्दांत वाढ तीच आहे, वेगही तोच. मग फरक कशात आहे?"

पोरं विचार करू लागली. "बोकाळलेलं आपल्याला नको असतं," पेन्सिल हळूच म्हणाली. "कोणी म्हणतं का, आमची बाग बोकाळली?"

"फोफावलेलंही कधी कधी नको असतं," दुसरी एक म्हणाली. "रोग फोफावतो की."

"हो, पण बोकाळलेलं कधीच हवं नसतं," पेन्सिल म्हणाली. "कध्धीच."

"मग प्रश्न सोपा आहे," वकील म्हणाला. "ही वेल हवी आहे की नको? ज्याचं दुकान त्याला विचारा."

बाबा आत पोस्टमन काकांची दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. हाक आली तसे बाबा वस्तरा घेऊनच बाहेर आले आणि पोस्टमन काकाही गळ्यात कापड बांधलेले त्यांच्यामागून आले, कारण असल्या गोष्टी आत बसून चुकवायच्या नसतात.

वकील बाबांसमोर उभा राहिला. "काका, खरं खरं सांगायचं. दुकानाचा बोर्ड दिसतो?"

"नाही."

"गिऱ्हाइकं कमी झाली?"

बाबांनी टिंबूकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "झाली थोडी."

"ही वेल कापावीशी वाटते?"

"रोज," बाबा म्हणाले. "हात शिवशिवतात. स्वप्नात कापतो मी हिला."

"स्वप्नातसुद्धा!" वकील वर्गाकडे वळला. "माझं झालं."

टिंबूचा चेहरा पडला. खोटं बोला, असं ती बाबांना सांगू शकत नव्हती. खरी गोष्ट दाखवायची, हाच तर नियम होता. आणि सोमवारी शाळेत कोणती हाक ऐकू येणार, तेही तिला कळून चुकलं होतं. तरी ती पुढे आली. तिला वकिलासारखं बोलता येत नसे, म्हणून तिने जे खरंच जाणून घ्यायचं होतं तेच विचारलं.

"मग कापली का नाही, बाबा? एरवी कात्री दिवसभर तुमच्याकडेच असते. मी शाळेत असते. आई बसवर असते."

"शनिवारपर्यंत नको म्हणालीस ना तू."

"त्याच्या आधी? त्याच्या आधी तर मी काही म्हणाले नव्हते. बोर्डाचं पहिलं अक्षर झाकलं तेव्हा का नाही कापली?"

बाबा थोडा वेळ वस्तऱ्यावरचा फेस बोटाने पुसत राहिले.

"आता काय सांगायचं," ते म्हणाले. "सकाळी दुकान उघडायला येतो ना, तर कुलूप काढायच्या आधी मी वर बघतो. काल कुठे होती, आज कुठवर पोचली. नवीन फूल कुठे आलंय. मग कुलूप काढतो. हल्ली जरा लवकरच येतो." त्यांनी पोस्टमन काकांकडे बघितलं, जणू ते तरी समजून घेतील. "माझा सगळा जन्म कमी करण्यात गेला हो. लोक वाढवून आणतात, मी कापतो. वाढताना मी काही बघितलंच नव्हतं. ते असं असतं, हे मला माहीत नव्हतं."

एक भुंगा फुलातून निघाला आणि दुसऱ्यात शिरला.

"म्हणजे हवी आहे," पेन्सिल म्हणाली.

"हवी आहे," बाबा म्हणाले. "बोर्डही हवा आहे. पण ही हवी आहे."

सगळे वकिलाकडे बघू लागले. त्याने वेलीकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. हरण्याची सवय नसलेल्या माणसाला त्यासाठी थोडा वेळ लागतो. सर थांबले. सगळेच थांबले.

"हो," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, कारण पहिला हो त्याचा त्यालाही ऐकू आला नव्हता: "हो. फोफावली. मी माझ्यासाठी उंदीर शोधतो."

जो गोंधळ झाला त्याने चष्मेवाला, बेकरीवाला आणि रस्त्यापलीकडचा दुसरा न्हावीही बाहेर आले. टिंबूला कोणीतरी उचललं. ती उचलायला सोपी होती. खाली उतरवल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे कपाळावरचे केस मागे सारून बाबांकडे बघितलं.

"बाबा, आता बोर्डापुरती कापा."

"नक्की?"

"नक्की. पण मी सांगेन तिथे."

पेन्सिल धावत जाऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टिंबूच्या आईच्या बसमधून कात्री घेऊन आली. बाबांनी शिडी लावली. टिंबूने खालून शिडी धरली, म्हणजे निदान धरल्यासारखं केलं. बाबा वर चढले, पानांत हात घातला, आणि अक्षरांच्या भोवतीने अशी कात्री चालवू लागले, जशी ते कानाच्या मागून चालवतात. हलक्या हाताने, मध्येच थांबून, मान तिरकी करून बघत.

"इथे?"

"हो."

"आणि ही?"

"तिला फूल आहे. तिला सोडा."

"फुलामागे अख्खं अक्षर आहे, टिंबू."

"लोकांना कळेल तेवढ्यावरून."

"बरं. आणि ही खालची?"

"ती आत्ता कुठे निघालीय. तिला कुठे जायचंय ते बघू आधी."

"अहो," पोस्टमन काका खालून म्हणाले. त्यांच्या गालावरचा फेस वाळून पापुद्रे सुटले होते. "माझा एक गाल राहिलाय."

"थांबा," शिडीवरून बाबा म्हणाले.